उर्होचा गाल

दुपारच्या आत जुन्या बंदुका घेणारा ट्रेम्बाथ येतोय असा निरोप आला आणि वेंडेलने भिंतीवरची रायफल खाली उतरवून तिला तेल लावायला घेतलं. पहिलं भांडण तिथेच लागलं.

"हात लावू नकोस तिला!" लॉरेन चुलीपासून ओरडली. "जुनी वस्तू पुसली की किंमत उतरते."

"कोण म्हणतं?"

"टीव्हीवर दाखवतात. एका बाईने तांब्याची किटली घासून लख्ख केली, अर्धी किंमत पाण्यात गेली."

"किटली आणि रायफल सारखीच का गं? बाबा दर वर्षी तेल लावायचे हिला."

"बाबा विकायला नव्हते निघाले."

हे वेंडेलच्या वर्मी लागलं. तो घरातला थोरला, लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, आणि आपण काही विकतोय असं कुणी तोंडावर म्हटलेलं त्याला खपत नसे. 'योग्य माणसाच्या हाती सोपवतोय' असं तो म्हणायचा. त्या योग्य माणसाच्या पैशातून बर्फावर पळणारी एक नवीकोरी गाडी येणार होती. तिचा रंगसुद्धा त्याने ठरवून ठेवला होता.

त्यांचा बाप उर्हो फेब्रुवारीत गेला. आमच्याकडे फेब्रुवारीत जाणाऱ्याला मातीआड व्हायला मे महिन्याची वाट बघावी लागते, कारण तोवर जमीन फावड्याला दाद देत नाही. तेवढ्या अवधीत त्याच्या दोन्ही पोरांनी सगळं गोडीगुलाबीने वाटून घेतलं. होडी, करवती, मासे धुरी देऊन सुकवायची पेटी, अगदी अर्धा अर्धा डबा खिळेसुद्धा. राहिली ती रायफल, कारण ती दोघांनाही हवी होती. लॉरेनला ती आपल्या बैठकीत शेकोटीच्या वर टांगायची होती. ती वेंडेलच्या घरात नसणार, यातच तिचा निम्मा आनंद होता.

रायफलीचा इतिहास या घरात चर्चमधल्या धड्यासारखा पाठ होता. उर्होचे काका व्हिल्हो यांनी फिनलंडच्या हिवाळी युद्धात पांढरी चादर पांघरून, स्कीवर उभं राहून, याच रायफलीने रशियन टिपले. किती टिपले, तो आकडा दर नाताळला थोडा वाढायचा. पुढे ती कशी तरी समुद्र ओलांडून मिशिगनच्या या वरच्या टोकाला आली. 'कशी तरी' या शब्दापाशी उर्हो नेहमी कॉफीचा घोट घ्यायला थांबायचा.

तर तो शुक्रवार होता. उद्या पहाटे हरणांचा मोसम उघडणार होता आणि सगळे जंगलातल्या कॅम्पवर जमले होते. कॅम्प म्हणजे लाकडी ओंडक्यांची एक मोठी खोली, भिंतीला लावलेल्या बाजा, एक चूल आणि मागे सौना, म्हणजे वाफेत अंग शेकायची खोली. मोसमाच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे बाईमाणसाने थांबायचं नाही, हा उर्होच्या बापापासूनचा नियम. बायकांनी शुक्रवारी खाणं आणून द्यायचं, अंधाराच्या आत निघायचं आणि सोमवारी पुरुष कामावर परतले की धुतलेल्या चादरी घेऊन यायचं. या नियमाबद्दल लॉरेनची मुलगी क्रिस्टा जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्रिस्टा रस्ते खात्याचा बर्फ लोटायचा ट्रक चालवते, तिची भाषा त्या ट्रकला शोभेलशीच आहे.

दुसरा नियम भिंतीवरच दिसायचा. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. लाल-काळ्या चौकड्यांच्या चिंध्यांनी ती भिंत भरली होती. वेंडेलच्या नावाचे सोगे बरेच. लॉरेनचा नवरा क्लिफ याला तर अख्खा कोपरा दिलेला. हल्ली तो मोसमासाठी मुद्दाम जुन्या कपड्यांच्या दुकानातून स्वस्त शर्ट आणायचा. उर्होच्या नावाचा मात्र एकही सोगा नव्हता. शनिवार-रविवार तो सगळ्यांबरोबर जंगलात जायचा, झाडाखाली बसायचा आणि एकही गोळी न झाडता परत यायचा. 'उर्हो फालतू काडतूस घालवत नाही,' असं त्याचे भाऊ कौतुकाने म्हणायचे. त्या आठवड्यात तो रजा काढायचा. सोमवारी सगळे गेले, की संध्याकाळी त्याचं हरीण खांबावर लटकलेलं असायचं. आसपासच्या गावांत त्याला 'सोमवारचा उर्हो' म्हणत.

उर्होची बायको हिल्मा खिडकीपाशी बसून पॅस्टीत, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीत, घालायला रुटाबागाचा कंद सोलत होती. तिने नव्वदीकडे वाटचाल सुरू केली होती, पण सुरी अजून डाव्या हातात झरझर चालायची. पोरांच्या भांडणात ती पडली नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती एवढंच म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

*

क्लिफची पंचाईत अशी होती की त्याने दोन्हीकडे शब्द दिलेला होता. वेंडेलला तो म्हणाला होता, लॉरेनला मी वळवतो, त्या बदल्यात एका आड एक रविवारी बर्फगाडी माझी. आणि लॉरेनला तो म्हणाला होता, मी तुझ्याच बाजूचा. हे म्हणणं भागच होतं, कारण रात्री झोपायचं तिच्या घरात होतं.

त्यातून त्या रायफलीवर त्याचा जुना राग. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात सासऱ्याने कौतुकाने ती त्याच्या हाती दिली. क्लिफने नेम धरला, तर दस्त्याचं लाकूड नको तिथे गालात रुतलं आणि गोळी झाडाच्या शेंड्यावर गेली. तो त्याचा भिंतीवरचा पहिला सोगा.

"रायफलच वाकडी आहे," तो आजही म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," लॉरेन म्हणाली. ती त्याच्याच बाजूची असताना अशी बोलायची.

"अगं, पण गाल उलट्या बाजूला आहे की नाही? सांग ना!"

हे मात्र खरं होतं. नेम धरताना गाल टेकवायला दस्त्यावर लाकडाचा फुगीर उंचवटा ठेवतात. उजव्या खांद्याच्या माणसासाठी तो डाव्या अंगाला हवा. या दस्त्यावर तो उजव्या अंगाला होता. सौनानंतर उर्होने जरा जास्त बीअर घेतली, दस्ता कोरायला बसला आणि बाजू विसरला, अशी घरातली कथा. तेव्हापासून या कुटुंबात उलटं झालेल्या कुठल्याही कामाला 'उर्होचा गाल' म्हणतात. बाहेर उघडायला हवं ते सौनाचं दार क्लिफने आत उघडणारं बसवलं तेव्हाही हेच म्हणाले. उर्हो स्वतः सगळ्यात मोठ्याने हसला होता.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

*

गार्फील्ड ट्रेम्बाथ आधी पोट आणि मग माणूस असा आत आला. शाळेत कसरतीचा मास्तर होता. आता जुन्या बंदुका घेतो, विकतो आणि वेळी-अवेळी लोकांच्या घरी किंमत सांगायला जातो. किंमत सांगायचे पैसे घेत नाही, जेवतो.

"हिल्माबाई, पॅस्टीत गाजर घातलं नाहीत ना?"

"तुझ्या आईने मला पॅस्टी शिकवली, गार्फील्ड. गाजर घातलं असतं तर ती थडग्यातून उठून आली असती. बस."

ट्रेम्बाथचे पूर्वज इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणीत काम करायला आले, तेव्हा येताना पॅस्टी घेऊन आले. मागून आमची फिनिश माणसं आली, त्यांनी ती खाल्ली आणि आता ती आमचीच म्हणून सांगतात. ट्रेम्बाथला हे सहन होत नाही, म्हणून तो आमच्या घरी दोन खातो.

दोन झाल्या. वेलची घातलेल्या गोड पावाच्या चार फोडी झाल्या. कॉफीत बुडवलेलं चीज झालं. वेंडेल खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होता. शेवटी ट्रेम्बाथने हात पुसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणि डोळ्यांवरचा कपाळावर केला आणि म्हणाला, "आणा."

हिल्माने सोलणं थांबवलं नाही, पण साल आता जाड निघू लागली. तिला ती रायफल परत हवी होती. मागितली असती तर पोरांनी 'कशाला?' विचारलं असतं, या वयात तुला रायफल कशाला म्हणून हसली असती, आणि मग दोघांनी मिळून ती विकली असती. दोघं एक झाली की तिचं चालत नसे. आता सगळं ट्रेम्बाथच्या तोंडून काय आकडा निघतो त्यावर होतं. मोठा निघाला तर रायफल आजच त्याच्या गाडीत जाणार. हिल्मा तशी देवाला फारसा त्रास देणारी बाई नव्हती. आज तिने त्याला एकच विनंती केली, की हिची किंमत चार आणे ठरू दे.

ट्रेम्बाथने दोन स्क्रू सोडवले आणि लाकडातून नळी अलग केली. खिडकीच्या उजेडात धरली.

"अहो!" तो म्हणाला.

"काय अहो?" वेंडेल उठलाच.

"हा चौकोन बघा. आत एस आणि ए. फिनलंडच्या सैन्याचा शिक्का. अस्सल."

"सांगत नव्हतो मी!" वेंडेलने टेबलावर थाप मारली. कॉफी सांडली.

"आणि हा काडतूस बसतं तो भाग बघा, अष्टकोनी. हा रशियन. झारच्या काळचा. फिनिश लोकांनी रशियनांच्या रायफली पळवल्या, त्यांना आपली नळी आणि आपलं लाकूड लावलं आणि त्यांच्यावरच झाडल्या."

"झार!" लॉरेन चूल सोडून टेबलाशी आली. "झार म्हणजे… म्हणजे बरंच जुनं ना?"

"बरंच."

लॉरेनला एकदम आपली शेकोटी फार लहान वाटू लागली. "वेंडेल, हे बघ, मी काय म्हणते. विकायचीच असेल तर निम्मी माझी."

"आत्ता तर तू टांगणार होतीस!"

"टांगून काय करायचंय? धूळ बसते."

"निम्मी कशी? बाबांचं मी सगळं केलं. दर शनिवारी सौना कोण तापवायचं?"

"आणि दर मंगळवारी डॉक्टरकडे कोण न्यायचं? तू बर्फात अडकलेला असायचास. जुलैमध्येसुद्धा!"

"तीन भाग करता येतील," क्लिफ पुटपुटला.

"तू गप बस!" दोघं म्हणाली.

बाजारात तुरी, आणि भट भटणीला मारी. क्रिस्टा आजीशेजारच्या बाकावर बसून चीज खात होती आणि तमाशा बघत होती. तिला एक कळेना. आजीच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने फक्त दवाखान्याच्या बाकांवर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"थांबा," ट्रेम्बाथ म्हणाला. "नळीवर साल आहे. बेचाळीस."

"मग?"

"हिवाळी युद्ध चाळीसच्या मार्चमध्ये संपलं."

चुलीतला ओंडका ढासळला.

"व्हिल्होकाका त्याच युद्धात गेले," लॉरेन सावकाश म्हणाली. "म्हणजे काका गेले आणि मग रायफल जन्मली."

"दुसरी एखादी असेल त्यांची," वेंडेल म्हणाला. "ही… ही तिची बहीण."

"बहिणीला लोकांनी फार छळलंय," ट्रेम्बाथ म्हणाला. "ही नळी वीतभर कापलीय. इथे दुर्बिणीसाठी भोकं पाडली, तीही पहिल्यांदा चुकून आणि मग पुन्हा. पुढचं लाकूड करवतीने उडवलंय. काडतूस आत सरकवायच्या बोल्टची मूठ तापवून वाकवली आणि तिला वर लोखंडाचा तुकडा जोडलाय. दस्ता मागून कापलाय. अशी रायफल कुणी हात न लावता ठेवली असती, तर तुम्ही दोघं भांडलात ते ठीक होतं. जुन्या वस्तूची किंमत तिला आहे तशी सोडून देण्यात असते. साठच्या दशकात या अशा रायफली हार्डवेअरच्या दुकानात पिंपात उभ्या करून विकायचे, छत्र्यांसारख्या. शंभरातल्या नव्वदांची शिकारीसाठी हीच गत केली लोकांनी."

"किती?" वेंडेलने विचारलं.

"दोनशे डॉलर. पॅस्टी चांगली होती म्हणून."

वेंडेलच्या डोळ्यांसमोरून ती गाडी, तिच्या रंगासकट, बर्फात दिसेनाशी झाली. तो खाली बसला. मग त्याला सुचलं की पाहुण्यासमोर मोठेपणा तरी पदरात पडतोय.

"लॉरेन, जाऊ दे. तूच ठेव. तुझ्या शेकोटीवर शोभेल."

"छे छे! थोरल्याचा मान असतो. तूच ने."

"माझ्याकडे जागा नाही."

"माझ्याकडे धूळ बसते, सांगितलं ना?"

"अगं, बाबांची आठवण!"

"मग ने ना आठवण! मला मेलीला ते भोकं पाडलेलं धूड घरात नको."

"मलाही नको!"

हिल्माने सुरी खाली ठेवली. "दोघांनाही नको?"

"नको!" दोघं एकदम म्हणाली. लहानपणी गोवर निघाला होता त्यानंतर ही दोघं प्रथमच एकमताने काही बोलली असतील.

"गार्फील्ड, ऐकलंस?"

"शब्द न् शब्द."

"क्रिस्टा?"

"ऐकलं, मुम्मु." आजीला ती फिनिशमध्येच हाक मारायची.

"क्लिफ?"

क्लिफने बायकोकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. "ऐकलं, आई."

"मग पडत्या फळाची आज्ञा," हिल्मा म्हणाली. "माझी."

*

"तू काय करणार तिचं?" वेंडेल हसला. "पडदा टांगणार नळीवर?"

उत्तर हिल्माने दिलं नाही. ट्रेम्बाथने दिलं, कारण त्याच्या डोक्यात मघापासून काही तरी वळवळत होतं. त्याने दस्ता उचलून दोन्ही अंगांनी पाहिला.

"वेंडेल, तुझा बाप किती उंच होता?"

"दारातून वाकून यायचा."

"मग त्याने दस्ता मागून चार बोटं का कापला? एवढ्या आखूड दस्त्यावर त्या माणसाने नेम धरला असता तर स्वतःच्या अंगठ्यानेच नाक फोडून घेतलं असतं. आणि हा गाल…"

"उर्होचा गाल!" लॉरेन आणि क्लिफ हसू लागले.

"हसू नका. हे बीअर प्यायलेल्या माणसाचं काम नाही. हात फिरवून बघा. आधी राकट कोरलंय, मग घासलंय, मग कुणाच्या तरी गालाला लावून बघितलंय आणि पुन्हा घासलंय. भोकं ज्याने अशी वाकडी पाडली, त्याने हे एवढं एक काम जीव ओतून केलंय. यात चूक कुठेच नाही. डावखुऱ्या माणसासाठी आहे हे, बुटक्या आणि डावखुऱ्या."

क्रिस्टा डावखुरी होती आणि आईसारखीच, आजीसारखीच, ठेंगणी. तिने पुढे होऊन दस्ता घेतला आणि डाव्या खांद्याला लावला. लाकूड गालाला असं येऊन टेकलं, जसा कुणी ओळखीच्या माणसाने तळहात ठेवावा. तिने मान वळवली. आजीने सुरी पुन्हा उचलली होती, डाव्या हातात.

"मुम्मु," क्रिस्टा म्हणाली, "सोमवारी तू इथे काय करायचीस गं?"

"चादरी बदलायची."

"आणि?"

हिल्माने शेवटचा कंद भांड्यात टाकला. तिच्या तोंडाचा एक कोपरा हळूच वर गेला. "आणि हरीण मारायची."

क्लिफने आपल्या कोपऱ्यातले सोगे एकदा पाहून घेतले.

"परवाना तर बाबांच्या नावाचा असायचा," लॉरेन म्हणाली.

"मला या कानाने कमी ऐकू येतं," ट्रेम्बाथ घाईघाईने म्हणाला आणि पावाची फोड घेतली.

"म्हणजे बाबांनी…" वेंडेलचा आवाज बारीक झाला. "एकही नाही?"

"एक मारलं. आमचं लग्न व्हायच्या आधी. मारलं, त्याच्यापाशी गेला, टोपी काढली आणि बर्फात बसून रडला. हरणी होती ती. मला त्याने पहिल्या भेटीत हे सांगितलं. मी म्हटलं, हा चालेल." हिल्माने एप्रनला हात पुसले. "मग मी म्हटलं, असं करू, तू रस्सा कर, मी हरीण आणते. मला माझ्या बापाने लहानपणीच शिकवलं होतं. पिंपातली ही मीच निवडली, साबणासारखं ग्रीस थापलेलं होतं हिला. दस्ता उर्होने केला. सगळी थंडी गेली त्यात. रोज कामावरून आला की माझ्या गालाला लावून बघायचा."

"आणि आम्ही त्याला हसायचो," लॉरेन म्हणाली.

"तोही हसायचा. त्याचे भाऊ कसे होते ठाऊक आहे ना? बायको बंदूक चालवते आणि नवरा डाव ढवळतो, हे कळलं असतं तर त्यांनी त्याला खाणीच्या तळापर्यंत चिडवत नेलं असतं. म्हणाला, मी आहे तोवर सांगू नकोस. मी शब्द दिला. फेब्रुवारीपासून मोकळी आहे मी. वाट बघत होते, कुणी तरी विचारेल. तुम्ही सगळ्यांनी हिची किंमत विचारली, वेंडेल. ही कुणाची, ते कुणी विचारलंच नाही."

वेंडेलला बाप आठवला, त्याच्या खांद्यामागे उभा राहून 'श्वास सोड, मग चाप ओढ' म्हणणारा. वाईट वाटत होतं, आणि राग येत होता, आणि कुणावर काढावा ते समजत नव्हतं. असं झालं की तो पैज लावायचा.

"आई, तू म्हणतेस म्हणून… पण बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

"कॉफीचा रिकामा डबा आण," हिल्मा म्हणाली.

*

ट्रेम्बाथने रायफल पुन्हा जोडून स्क्रू आवळले आणि क्लिफने डबा अंगणातल्या ओंडक्यावर ठेवला.

"अजून मागे," हिल्मा म्हणाली.

त्याने कुंपणाच्या खांबावर ठेवला.

"अजून."

"आई, मला तर इथूनच डबा दिसेनासा झालाय!"

"तुला कधी दिसला होता? अजून मागे."

शेवटी डबा भूर्ज झाडांच्या कडेला, एका बुंध्यावर जाऊन बसला. हिल्मा लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर बसली. क्रिस्टाने सरपणाच्या रचलेल्या ढिगावर एक पोतं घातलं, त्यावर रायफल टेकवली. हिल्माने दस्ता डाव्या खांद्यात ओढला, गाल लाकडाला लावला आणि डोळे मिटले.

"मिटून मारणार?" वेंडेल म्हणाला.

"गप, मामा," क्रिस्टा म्हणाली. आजी नेम धरत नव्हती, हे तिला कळलं होतं. आजी भेटत होती.

मग डोळे उघडले. श्वास सुटला. आवाजाने सौनाच्या छपरावरचा बर्फ घसरून खाली आला. भूर्जाच्या कडेचा डबा उडून दोनदा गरगरला आणि दिसेनासा झाला.

ट्रेम्बाथने डोक्यावरची टोपी काढली. क्लिफने स्वतःच्या शर्टाच्या सोग्यावर नकळत हात ठेवला. वेंडेलचा चेहरा हसण्याने हळूहळू असा पसरला की लॉरेनला तो दहा वर्षांचा असताना होता तसा दिसला.

"सोमवारचा उर्हो!" तो म्हणाला. "अगं बाई गं! सोमवारचा उर्हो!" आणि तो हसता हसता रडू लागला.

हिल्माने मात्र उजव्या हाताने ती लांब केलेली मूठ मागे ओढली, दुसरं काडतूस सरकवलं आणि नळी सरळ आभाळाकडे धरली. ढगांखेरीज तिथे काही नव्हतं. तिने चाप ओढला.

"अरेरे," ती म्हणाली. "चुकला."

"आई, तू वर मारलंस!"

"नेम चुकला म्हणते ना मी? इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही, म्हणून या घराच्या भिंतीवर माझा एवढासा धागा नाही. वेंडेल, कात्री आण."

तिने कोटाच्या आतून आपल्या फुलाफुलांच्या गरम सदऱ्याचा सोगा बाहेर काढला आणि पोराकडे पाठ करून उभी राहिली. वेंडेल एका हाताने डोळे पुसत होता, त्यामुळे कापलं गेलं वाकडंच.

"उर्होचा गाल केलास," हिल्मा म्हणाली.

आत येऊन त्याने सोग्यावर नाव लिहिलं, साल लिहिलं. कुठे ठोकायचा हे विचारावं लागलं नाही. रायफल जिथून उतरवली होती तिथे भिंतीवर तिच्या आकाराची उजळ जागा राहिली होती. चौकड्यांच्या त्या सगळ्या गर्दीत निळी फुलं एकटीच.

बाहेर उजेड उतरू लागला. ट्रेम्बाथ निघाला तेव्हा लॉरेननेही सवयीने भांडी गोळा केली आणि कोट अंगात चढवला. हिल्माने तिला अडवलं.

"तू कुठे निघालीस?"

"अंधार पडायच्या आत… नियम…"

"क्रिस्टा, चुलीत लाकूड घाल. लॉरेन, कोट काढ. पहाटे मला टेकडीच्या झाडापाशी न्यायला दोघी लागाल." मग ती मुलाकडे आणि जावयाकडे वळली आणि कोपऱ्यातल्या बाजांवरच्या चादरी ओढून त्यांच्या हातात दिल्या.

"तुम्ही निघा आता, रस्ता निसरडा होतो," ती म्हणाली. "सोमवारी या. धुऊन आणा."